लसणाने बीपी उतरतं का?

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत, बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या पाण्याबरोबर अख्ख्या गिळतात आणि आता म्हणतात गोळी बंद करतो. काय करावं?

उत्तर : ताई, गोळी अजिबात बंद करू देऊ नका, हे सगळ्यात आधी. लसणात काही नाही असं मात्र मी म्हणणार नाही. लसूण ठेचला की त्यातलं अ‍ॅलिइन नावाचं द्रव्य आणि एक एन्झाइम एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो झणझणीत वास. त्यापासून पुढे जी गंधकाची संयुगं होतात त्यांच्यातून आपल्या लाल रक्तपेशी किंचितसा हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात आणि त्याने रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. २००७ मध्ये अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदराच्या महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कड्या घेऊन हे बघितलंय, लसणाचा रस घातल्यावर आकसलेल्या कड्या सैल झाल्या.

पण अख्खी पाकळी गिळली तर ती दोन द्रव्यं भेटणार कधी? पोटातल्या अ‍ॅसिडने ते एन्झाइम निकामी होतं, कडकडीत फोडणीतही तेच होतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग आमटीत शेवटी घाला.

आता फरक किती पडतो ते. हाय बीपीवाल्यांवर ज्या चाचण्या झाल्या त्यात वरचं बीपी सरासरी ८ च्या आसपास उतरलं, तेही बहुतेक वेळा मोजून दिलेल्या अर्काच्या किंवा पावडरच्या कॅप्सूल काही महिने घेऊन, घरच्या पाकळ्यांनी नाही. अम्लोडिपिन त्याच स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणजे कामाची जागा तीच पण डोस मोजलेला आणि दिवसभर पुरणारा. १६० वरून १५२ झालं तरी ते हायच आहे हो, आणि गोळी सोडल्यावर बीपी वर गेलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, हीच मला खरी काळजी वाटते.

लसणाची सुकी चटणी, ठेचा आवडीने खात असतील तर मिठाकडे बघा, दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. आणि अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल, दात काढायचा असेल, ऑपरेशन ठरलं असेल तर लसूण किंवा कॅप्सूल किती घेतात ते डॉक्टरांना सांगाच, कारण जास्त लसणाने रक्त गोठायला वेळ लागतो.