डे सेंटरच्या बागेत व्हीलचेअरवर बसूनही काम करता यावं यासाठी काय करावं?

तुम्ही विचारलंय की १८ वर्षांवरच्या दिव्यांगांच्या डे सेंटरमागे रिकामी जागा आहे, तिथे सगळ्यांना हात लावता येईल अशी बाग करायचीय, तर सुरुवात कुठून करू. माझा धाकटा भाऊ पुण्यात अशाच एका सेंटरला जातो, वय ३८, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर. (तिथे सगळ्यांना अजून ‘मुलं’च म्हणतात, याचे अर्धे केस पिकलेत, असो.) मी दर शनिवारी त्या बागेत असते, म्हणून आधी आमची चूक सांगते, तुमचे पैसे वाचतील.

आम्ही कॉन्ट्रॅक्टरला ‘उंच वाफे हवेत’ एवढंच सांगितलं. त्याने विटांचे अडीच फुटी वाफे बांधून दिले, गिलावा, रंग, सगळं झकास, पण खालून बंद, मग गुडघे जाणार कुठे? व्हीलचेअर आडवी लावायची आणि कंबरेतून पिळवटून माती उकरायची, भाऊ दहा मिनिटांत दमायचा आणि आम्ही म्हणायचो याला आवडच नाही बागेची! वाफा टेबलासारखा हवा, खाली मोकळा. गुडघ्यांना साधारण २७-२८ इंच सोडायचे, त्यावर ट्रे. आता ट्रे खोल केला तर माती छातीशी येते आणि हात पोचत नाही, म्हणून खोली ६ इंचच, आणि तेवढ्यात मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना असलंच येतं. टोमॅटो-वांगी जमिनीवर ग्रोबॅगमध्ये लावा, झाड वाढलं की फळं बसलेल्या माणसाच्या हाताशी येतात. हे आम्हाला कुणा इंजिनियरने नाही, तिथल्या मावशींनी सुचवलं. आणि हो, ट्रेची भोकं पलीकडच्या कडेला पाडा आणि ट्रेला तिकडे थोडा उतार द्या, नाहीतर सगळं पाणी मांडीवर, आमच्याकडे पहिल्याच दिवशी तिघांच्या पँटी भिजल्या. नुसती माती भरू नका, ओली झाली की टेबल वाकतं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत बरं. विटांचे वाफे फुकट नाही गेले, चालणाऱ्यांपैकी ज्यांना खाली वाकता येत नाही ते तिथे काम करतात.

वाट ४ फूट तरी रुंद, वळायच्या जागी ५ बाय ५, आणि रॅम्पला एक फूट चढायला १२ फूट लांबी. खडी-मुरूम अजिबात नको, पुढची छोटी चाकं रुततात. आम्ही खरबरीत शहाबादी टाकली, पावसाळ्यात तीही शेवाळते, घासत राहावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे काम त्यांनाच करू द्या. एका कंपनीचे लोक टी-शर्ट घालून आले, दोन तासांत सगळी रोपं लावली, फोटो काढले आणि गेले, आमची मंडळी सावलीत बसून बघत होती. त्यापेक्षा एकेकाला काय जमतं ते बघून काम शोधा. भावाची मूठ नीट उघडत नाही, तर तो कोथिंबिरीसाठी पेरायचे धणे फोडतो. ताटात धणे पसरायचे, त्यावर मुठीनेच लाटणं दाबत पुढे-मागे करायचं, धणा दुभंगला पाहिजे पण पीठ नाही झालं पाहिजे, आणि कुणी मदतीला हात घातला की हा चिडतो. बारीक बी असेल, उदाहरणार्थ राजगिरा, तर वाळूत मिसळून चाट मसाल्याच्या डबीतून पेरायचं, चिमटीत धरायला नको. खुरप्याच्या दांड्याला एसीच्या पाइपवरचा काळा फोम चढवला की पकड येते. झारी जड होते, झाकणाला भोकं पाडलेली एक लिटरची बाटली पुरते.

सुरुवात मेथीने करा, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, तोवर आमच्याकडचा एक जण रोज माती उकरून बघतो, त्याच्यासाठी आता वेगळी कुंडीच ठेवलीय. वर ग्रीन नेट लावा, काही औषधांनी ऊन जास्त बाधतं, त्यामुळे कोण काय गोळ्या घेतं ते घरच्यांना विचारून ठेवा. काही जण हाताला लागेल ते तोंडात घालतात, म्हणून फवारणी बंद. आणि कुंपणाला कण्हेर किंवा कुंडीत डिफेनबेकिया, ही शोभेची पण विषारी झाडं, असतील तर बाकी सगळं राहू दे, आधी ती काढा.

जागेची लांबी-रुंदी आणि ऊन किती वाजेपर्यंत असतं ते कळवा, टेबलं कशी बसतील ते सांगते.