वाचक विचारतात: इस्रायलवर बोललं की ज्यूद्वेष होतो का?

मागच्या अंकात गाझाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. शिव्यांचे मेल बाजूला ठेवले, आणि ते दोन्हीकडून आले होते हेही सांगून टाकते.

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की गाझात लहान मुलं मरतायत आणि याला नेतन्याहूंचं सरकार जबाबदार आहे. लगेच एका काकांनी मला ज्यूद्वेष्टी ठरवलं. मग माझी बाजू घ्यायला दुसरे एकजण आले, म्हणे "हिटलर काय उगाच तसा वागला का". आता मी काय करू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: तुम्ही लिहिलंत त्यात ज्यूद्वेष नाही. एका देशाचं सरकार, त्याचा पंतप्रधान, त्याने केलेली कृती, एवढ्यावरच तुम्ही बोललात. तुमची बाजू घ्यायला आलेले जे गृहस्थ आहेत ना, ज्यूद्वेष तो तिथे आहे, शंभर टक्के, आणि पहिल्या काकांना उत्तर देण्याआधी या दुसऱ्यांना थांबवायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत, कारण ६० लाख माणसं ज्यू म्हणून मारली गेली त्यात गाझाचा काय संबंध, तेव्हा इस्रायल नावाचा देशच नव्हता.

काका ज्याच्या जोरावर बोलतात ती गोष्ट पण माहीत असू द्या. आयएचआरए नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, होलोकॉस्टची, म्हणजे त्या संहाराची, आठवण जपणाऱ्या देशांची, तिने मे २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची एक व्याख्या स्वीकारली. त्यात ११ उदाहरणं दिलीत, पैकी ७ मध्ये इस्रायलचं नाव येतं. पण त्याच कागदावर हेही लिहिलंय की इतर कुठल्याही देशावर करतात तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नाही. हे वाक्य फॉरवर्ड करताना बरोब्बर गळतं.

या व्याख्येचा मूळ मसुदा २००४-०५ मध्ये तयार झाला, आणि तो लिहिण्यात पुढाकार होता केनेथ स्टर्न या अमेरिकन ज्यू वकिलाचा. युरोपात ज्यूंवर हल्ले किती होतात ते सगळ्या देशांत एकाच पद्धतीने मोजता यावं म्हणून ती होती. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्पनी सरकारी आदेश काढून ती अमेरिकन युनिव्हर्सिटींना लावायचा रस्ता उघडला तेव्हा स्वतः स्टर्ननीच विरोध केला, की बाबांनो हे कॅम्पसवर कोणी काय बोलावं ते ठरवायला लिहिलेलं नाही. म्हणजे फूटपट्टी दिली होती मापायला, मास्तरांनी ती हातावर मारायला घेतली.

एक उदाहरण तर फारच अडचणीचं आहे. इस्रायलच्या धोरणाची नाझींशी तुलना करणं हे त्या यादीत आहे. आता येशायाहू लायबोविट्झ हे जेरुसलेमच्या हिब्रू युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, कडक धर्म पाळणारे ज्यू, त्यांनी लेबनॉन युद्धाच्या काळात आपल्याच लोकांतल्या काही प्रवृत्तींना 'ज्यूदो-नाझी' म्हटलं होतं. त्यांना ज्यूद्वेष्टे म्हणायचं का? मला स्वतःला ती तुलना आवडत नाही, ज्यांच्या घरातली माणसं गॅस चेंबरमध्ये गेली त्यांच्या तोंडावर ती फेकण्यात एक मुद्दाम दुखावण्याचा भाग असतो. पण न आवडणं वेगळं आणि ज्यूद्वेष वेगळा.

प्रश्न: जगात ५०-५५ मुस्लिम देश आणि ज्यूंचा एकच, तरी सगळे त्याच्यावरच तुटून पडतात. सीरियात लाखो मेले तेव्हा हे मोर्चेवाले कुठे होते? हा दुटप्पीपणा म्हणजेच ज्यूद्वेष नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: तुमच्या प्रश्नात दम आहे, उडवून लावणार नाही. नातान शारान्स्की, सोव्हिएत तुरुंगात अनेक वर्षं काढलेले आणि नंतर इस्रायलमध्ये मंत्री झालेले, त्यांनी हीच कसोटी मांडली होती: राक्षस म्हणून रंगवणं, दुटप्पी मापं लावणं, आणि अस्तित्वाचा हक्कच नाकारणं. आणि इतिहासात असं झालंय. १९६८ साली पोलंडमध्ये विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली, कम्युनिस्ट पार्टीने खापर फोडलं 'झायोनिस्टां'वर, म्हणजे ज्यूंना त्यांचं स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्यांवर. भाषणांत शब्द झायोनिस्ट, पण नोकरीवरून काढलं ते पोलंडच्याच ज्यू नागरिकांना, त्यातले कितीतरी तर निष्ठावान पार्टीवाले, इस्रायल त्यांनी बघितलेलंही नव्हतं. निदान १३ हजार माणसं देश सोडून गेली. म्हणजे नुसता शब्द बदलून जुनाच द्वेष चालवता येतो, त्याचा याहून उघड दाखला मला माहीत नाही.

आपला देशही यात मागे नव्हता बरं का. १० नोव्हेंबर १९७५ ला युनोत ठराव झाला की झायोनिझम हा वंशवादाचाच एक प्रकार आहे, ७२ विरुद्ध ३५ मतांनी, भारताने बाजूने मत दिलं. डिसेंबर १९९१ मध्ये तो रद्द झाला तेव्हा भारताने रद्द करायच्या बाजूने मत दिलं आणि पुढच्याच महिन्यात इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध सुरू केले. मधल्या काळात झायोनिझम बदलला नव्हता, सोव्हिएत युनियन कोसळली होती.

पण तुमचा मुद्दा मी इथेच थांबवते. सीरियाबद्दल गप्प बसलेला माणूस ढोंगी असू शकतो, त्यावरून गाझाबद्दल तो बोलतो ते खोटं ठरत नाही. शिवाय अमेरिकेतल्या विद्यार्थ्याच्या सरकारकडून शस्त्रं जातात ती इस्रायलला, तो आपल्या सरकारला जाब विचारणारच. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नेतन्याहूंवर वॉरंट काढलं, त्यांनी लगेच त्याला ज्यूद्वेष म्हटलं आणि ड्रेफ्यूस खटल्याशी तुलना केली. ड्रेफ्यूस हा एक निरपराध ज्यू, फ्रेंच सैन्यातला कॅप्टन, १८९४ मध्ये खोट्या कागदांवर अडकवलेला. त्याच दिवशी त्याच कोर्टाने हमासच्या लष्करी शाखेच्या मोहम्मद देईफवरही वॉरंट काढलं होतं हे बघता मला ती तुलना अजिबात पटत नाही. उलट याने नुकसान कोणाचं होतं सांगू? उद्या खराच ज्यूद्वेष झाला की लोक म्हणणार, हे यांचं नेहमीचंच.

प्रश्न: जगातल्या सगळ्या बँका आणि मीडिया ज्यूंच्या ताब्यात आहेत हे खरं आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: नाही. ही कथा ज्या पुस्तिकेतून जगभर पोचली, 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन', ती १९०३ मध्ये रशियात छापली गेली आणि ती उचलेगिरी आहे हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच पुराव्यासकट दाखवलं. नेपोलियन तिसऱ्यावरच्या एका फ्रेंच उपहासात्मक पुस्तकातले परिच्छेद उचलून ज्यूंच्या नावावर खपवले होते. तरी हमासच्या १९८८ च्या सनदेत तिचा हवाला आहे. गाझाबद्दल बोलताना 'ज्यू लॉबी जग चालवते' असं ज्याने म्हटलं त्याने गाझाबद्दल बोलणं सोडलेलं असतं.

प्रश्न: आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. ऑफिसात, ट्रेनमध्ये लोक विचारतात, "काय हो, तुम्ही लोक गाझात काय करताय?" दुसरे पाठीवर थाप मारून म्हणतात, "भारी ठोकलंत तुम्ही त्यांना!" मी रेल्वे पास काढणारा माणूस, मी कोणाला ठोकलं? यावर काय बोलावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: दादा, तुमचं पत्र या सगळ्यांत महत्त्वाचं. एखाद्या ज्यू माणसाला तो ज्यू आहे म्हणून इस्रायलच्या कामाचा जाब विचारणं हा ज्यूद्वेषच, याबाबत भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे. आयएचआरएच्या यादीत ते आहे, आणि त्या व्याख्येला पर्याय म्हणून मार्च २०२१ मध्ये विद्वानांनी काढलेल्या जेरुसलेम जाहीरनाम्यातही आहे. आणि पाठीवरची थाप हा त्याच समजुतीचा गोड प्रकार, तुमचा खरा देश तिकडे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. शतकानुशतकं कोकणात तेलाचे घाणे चालवून 'शनवार तेली' म्हणवून घेतलेल्या, गावाच्या नावाला 'कर' लावणाऱ्या माणसांना हे ऐकावं लागतं याची मला लाज वाटते.

मुंबईला तरी हा फरक कळायला हवा. २६/११ ला नरिमन हाउसमध्ये अतिरेकी शिरले ते इस्रायलच्या कुठल्या धोरणावर बोलायला नव्हे, तिथे राहणारे रब्बी (ज्यू धर्मगुरू) होल्ट्झबर्ग आणि त्यांची बायको ज्यू होते म्हणून.

तुमच्याच समाजाचा एक किस्सा सांगते, घरी मोठ्यांकडून ऐकलाही असेल. १९६०च्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे तिथल्या सरकारमान्य धर्मपीठाने, फर्मान काढलं की बेने इस्रायलींशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा, हे खरे ज्यू आहेत का ते बघा. कोकणातून, मुंबईतून गेलेली आपली माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरली, धरणं धरलं, आम्हाला रंगावरून वागवता असं तोंडावर सांगितलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायली हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू. त्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी ज्यू राष्ट्रातल्या सत्तेला वंशभेदी म्हटलं, आता यांना कुठल्या खणात टाकायचं ते पुढच्या वेळी पाठ थोपटणाऱ्याला विचारा.

प्रश्न: मी ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स करणार आहे. सीनियर म्हणतात तिथे पॅलेस्टाइनवर काही पोस्ट करू नकोस, वाट लागेल. पण मला झायोनिझम पटत नाही, मग मी ज्यूद्वेष्टा का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: अरे, आधी एक गोष्ट ऐक, परीक्षेला माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा घोकल्या असशील ना, त्यातला माँटेग्यू. एडविन माँटेग्यू, भारतमंत्री, ब्रिटिश सरकारातला त्या वेळचा महत्त्वाचा ज्यू मंत्री. २० ऑगस्ट १९१७ ला त्याने भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची ती प्रसिद्ध घोषणा केली, आणि तीनच दिवसांनी सहकाऱ्यांना एक टिपण दिलं, मथळा होता 'सध्याच्या सरकारचा ज्यूद्वेष'. विषय? पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर द्यायचा सरकारी बेत! त्याचं म्हणणं, असं केलंत की जगभरचे लोक आपापल्या देशातल्या ज्यूंना म्हणतील, जा की तुमच्या घरी, आणि तिथल्या मुसलमान-ख्रिश्चनांना बाजूला सरकावं लागेल ते वेगळंच. नोव्हेंबरमध्ये या राष्ट्रीय घराची सरकारी घोषणा निघाली तेव्हा हे महाशय हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. त्यावर सही होती परराष्ट्रमंत्री बाल्फोरची, आणि याच बाल्फोरच्या पंतप्रधानपदाच्या काळात, १९०५ मध्ये, रशियातून पळून येणाऱ्या गरीब ज्यूंना इंग्लंडमध्ये शिरू न देण्यासाठी परकीयांचा कायदा झाला होता. म्हणजे झायोनिझमचा पाठीराखा ज्यूंना दारात उभं करत नव्हता आणि विरोधक स्वतः ज्यू. तेव्हा इस्रायलच्या बाजूचा की विरुद्धचा यावरून कोणाच्या मनात ज्यूंबद्दल काय आहे ते कळत नाही, वाक्य काय बोलला तेच बघावं लागतं.

तुझ्यापुरतं बोलायचं तर झायोनिझम ही एक राजकीय विचारसरणी, ती न पटणं हा गुन्हा नाही. १९४८ मध्ये ज्यांची घरं गेली त्या सात लाख पॅलेस्टिनींच्या नातवंडांनी त्या विचाराला चांगलं म्हणावं अशी सक्ती कोण करणार? पण आज तिथे सत्तर लाखांच्या वर ज्यू राहतात, बहुतेक तिथेच जन्मलेले. त्यांनी कुठे जायचं याचं उत्तर 'जाऊ देत कुठेही' असं असेल, किंवा ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात मारली गेलेली जवळपास १२०० माणसं 'त्यांची चूकच होती, तिथे राहत होते' म्हणून उडवून लावायची असतील, तर मग विचारसरणीचा विरोध संपला आणि दुसरं काही सुरू झालं.

जर्मनीचं सीनियर सांगतात ते बऱ्यापैकी खरं आहे. आपल्या मुंबईचे कवी रणजित होस्कोटे तिथल्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या निवड समितीवर होते. २०१९ मध्ये मुंबईतल्या इस्रायली वकिलातीने झायोनिझम आणि हिंदुत्व यांची सांगड घालणारा एक कार्यक्रम ठेवला होता, त्याविरुद्धच्या पत्रावर त्यांची सही होती, ती चार वर्षांनी तिथल्या पेपरने उकरून काढली. पत्रात झायोनिझमबद्दल कडक भाषा होती हे खरं, पण त्यावरून माणसाला ज्यूद्वेष्टा ठरवावं इतकं त्यात काही होतं असं मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, मग उरलेली समितीही गेली. जर्मन लोक इतके घाबरलेले का, तर त्याच प्रदर्शनात २०२२ साली एका भित्तिचित्रात खरोखरच सुळे दाखवणारा, टोपीवर एसएस या हिटलरच्या दलाची खूण असलेला ज्यू रंगवला होता. ते चित्र उतरवलं ते योग्यच झालं. पण सुळेवालं चित्र आणि होस्कोट्यांची सही एकाच पारड्यात टाकली हे काही मला बरोबर वाटत नाही.

'नदीपासून समुद्रापर्यंत पॅलेस्टाइन मुक्त होईल' ही घोषणा मात्र तिथे देऊ नकोस. ती देणारे सगळे हमासवाले नसतात, गंमत म्हणजे नेतन्याहूंच्या लिकुड पार्टीच्या १९७७ च्या जाहीरनाम्यातही समुद्र ते जॉर्डन नदी फक्त इस्रायलचीच सत्ता असेल असं होतं. पण नोव्हेंबर २०२३ पासून जर्मन गृहखात्याने ती हमासची खूण धरलीय, कोर्टांचे निकाल कुठे असे कुठे तसे, बर्लिनमध्ये एकीला ६०० युरो दंड झाला. स्टुडंट व्हिसावर असताना हा जुगार कशाला? स्वतःच्या शब्दात लिही, सरकारचं, मंत्र्याचं नाव घे, काय केलं आणि कधी केलं ते लिही. आणि होलोकॉस्ट झालाच नाही असं म्हणणं हा तिथे सरळ गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, तेव्हा फॅमिली ग्रुपवर मामा-काका जे काही 'लपवलेला इतिहास' म्हणून पाठवतात ते तिथून पुढे ढकलू नकोस, गंमत म्हणूनसुद्धा.