नुसते हात हलवायचे पैसे कोण देतं?

एका पालकांचा प्रश्न असा आहे: मुलगी दहावीत आहे, व्हायोलिन वाजवते, तिला ऑर्केस्ट्रा कंडक्टर (हातांच्या इशाऱ्यांनी वादकांना एकत्र चालवणारी) आणि संगीतकार व्हायचंय. नाशकात राहून यात करिअर होतं का, आणि नुसते हात हलवायचे पैसे कोण देतं?

पहिल्या भागासाठी मी लिहायला बसलोच नसतो. शेवटचं वाक्य मात्र लागलं. ते मी गेली कित्येक वर्षं आमच्या दाजींकडून ऐकतोय.

मी शाळेत संगीत शिकवतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेने स्नेहसंमेलनासाठी बोलावलं. कार्यक्रम कालिदास कलामंदिरात. ३८ मुलं: ९ व्हायोलिनं, ६ बासऱ्या, ३ पेट्या, एक कीबोर्ड, तबला, बाकी गाणारी. संस्थेतल्या एकांना ‘भरदार आवाज’ हवा होता, म्हणून लग्नाच्या बँडमधले दोन ट्रम्पेटवाले आले. चाल माझीच. पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी सा धरून बांधलेली, कारण तिथे व्हायोलिनला मोकळ्या तारा मिळतात आणि मुलं कमी बेसूर होतात.

पहिल्या तालमीत मी हात खाली आणला आणि गाणाऱ्या मुलींनी कानावर हात ठेवले. ट्रम्पेट अख्खा एक स्वर खाली! दोघांतले वयस्कर होते, ते वाद्य मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, “सर, तुम्ही आम्हाला पेटीचा कागद दिलाय.” बी-फ्लॅट ट्रम्पेट, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खाली वाजणारा. कागदावर पांढरी एक लिहिली की वाजते काळी पाच. मला हे माहीत होतं हो, लिहिताना विसरलो. मग त्यांच्यासाठी एक स्वर चढवून लिहिलं, तर कागदावर चार शार्प (अर्धा स्वर चढवायच्या खुणा) आले. ते बघून म्हणाले, “चार शार्प लग्नात कोण वाजवतं?”

शेवटी अख्खी चाल पांढरी एकवर आणली. ट्रम्पेटला दोन शार्प, चालतील म्हणाले. पण व्हायोलिनच्या पोरांना दुसरं बोट मागे घ्यायची सवय लावायची, बासऱ्या सहाच्या सहा बदलायच्या, आणि सगळे कागद पुन्हा लिहायचे. रात्री तीनपर्यंत जेवणाच्या टेबलावर मी सूर उतरवतोय आणि सौ. पट्टीने सूर लिहायच्या पाच-पाच रेघा मारतेय. दाजी, हे ‘हात हलवणं’ बरं का.

कार्यक्रमात मध्येच टाळ्या पडल्या आणि तबल्यावरच्या मुलाची लय पळाली. डाव्या हाताने व्हायोलिनं दाबून धरली, उजव्याने मात्रांचे इशारे लहान केले, नजर त्याच्यावर. चार आवर्तनांत तो लयीत परत आला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. नंतर ट्रम्पेटवाल्यांना पाकीट, साथीच्या पेटीवाल्याला पाकीट, मला शाल आणि नारळ. संस्थेतले म्हणाले, “सर, तुम्ही तर काही वाजवलंच नाही!” पहिल्या रांगेत दाजी बसले होते. घरी येईपर्यंत हसत होते.

आता तुमच्या मुलीचं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना जुन्या गाण्यांचा नाईट शो दिसतो, तिथे कंडक्टरचं काम नसतंच. सिम्फनीवाला, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा ऑर्केस्ट्रा हवा तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन तिने दोन-तीन कार्यक्रम तरी ऐकावेत, कंडक्टरचा चेहरा दिसेल अशा खुर्चीवरून. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचं नाव सगळे घेतात, पण त्यांचे वडील मेहली मेहता यांनीच मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता, आणि झुबिन १९५४ मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेले. तेव्हा नाशकात राहून पूर्ण करिअर? नाही. पाया मात्र इथे घालता येतो.

गांधर्व महाविद्यालयाची विशारद परीक्षा जरूर करावी, कान तयार होतो. पण तेवढ्यावर नऊ जणांना नऊ कागद लिहून देता येत नाहीत. त्यासाठी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी), हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची जुळणी) आणि पियानो हवाच, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा त्यासाठी बऱ्या. “कागदावर कुठे संगीत असतं?” हे दाजींचं दुसरं लाडकं वाक्य. दाजी भजनी मंडळात पेटी वाजवतात, चांगली वाजवतात. पण विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी केली, पुस्तकं छापली, आणि आपल्या नाशकातच रामनाम आधार आश्रम काढला. आकाशवाणीने १९५२ मध्ये वाद्यवृंद उभा केला तेव्हा त्यावर पंडित रविशंकर होते. सतारवादक माणूस, तोही दुसऱ्यांसाठी लिहीतच होता. हिंदी सिनेमात शंकर-जयकिशनच्या चालींमागे सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे, म्हणून बसलेले असायचे. पडद्यावर नाव लहान, पण ती व्हायोलिनं कागदावर आणली त्यांनी.

पैशांचं वरच लिहायला हवं होतं. माझी चूल शाळेच्या पगारावर आणि संध्याकाळच्या शिकवण्यांवर चालते, कंडक्टिंगवर नाही. मी परदेशात शिकलेलोही नाही, त्यामुळे तिकडच्या प्रवेशाबद्दल दुसऱ्या कुणाला विचारा. मुलीला व्हायोलिन सोडू देऊ नका, आणि कुठलंही काम घेताना मानधन पहिल्या तालमीआधी कागदावर घ्यायला शिकवा. शाली आमच्याकडे अकरा आहेत.

आणि दाजी, वाचत असाल तर: त्या दिवशी तबला पळाला तो तुमच्या टाळ्यांमुळे. त्या लयीत नव्हत्या.