गळके स्टिअरिंग आणि ७२,००० रुपयांचा हप्ता

कराड तालुक्यातील एक्केचाळीस वर्षांचे एक वाचक २०१२ सालच्या टाटा विंगरमधून शाळेच्या मुलांची ने-आण करतात. गाडी महिन्याला सुमारे १,५०० किलोमीटर धावते आणि डिझेल वगैरे खर्च जाऊन ३२,००० रुपये सुटतात. घरी आई, पत्नी आणि दोन मुले आहेत. गाडीचे पॉवर स्टिअरिंग गळते, वळताना घरघरते आणि त्यात दर आठवड्याला अर्धा लिटर तेल ओतावे लागते. एका गॅरेजने पंप (तेलाला दाब देणारा) आणि रॅक (चाके वळवणारा भाग) दोन्ही नवे घालायला ४६,००० रुपये सांगितले, तर दुसऱ्याने प्रेशर पाइप, बेल्ट आणि रॅकचे सील बदलायला १४,०००. दुरुस्तीसाठी वैयक्तिक कर्ज काढावे, की गाडी विकून १२ लाखांच्या कर्जावर नवी घ्यावी, असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी ते लिहितात, की पुढच्या महिन्यात विम्याचा ७२,००० रुपयांचा तिसरा हप्ता आहे, म्हणून गाडीचे काम लांबणीवर टाकले आहे.

गाडी विकू नका. १२ लाखांच्या कर्जाला ११ टक्के दराने पाच वर्षांसाठी महिन्याला सुमारे २६,००० रुपये हप्ता पडेल आणि पाच माणसांच्या घराला ६,००० रुपये उरतील. वैयक्तिक कर्जाचीही गरज नाही.

१४,००० रुपयांच्या कामापासून सुरुवात करावी, मात्र गळती नेमकी कुठे आहे हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे. सगळे भाग पुसून, इंजिन चालू ठेवून, कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगितले की पाइपच्या जोडावर, पंपाजवळ किंवा रॅकच्या टोकाच्या रबरी आवरणात, म्हणजे बूटमध्ये, तेल दिसते. बूटमध्ये तेल साचले असेल तर रॅकचे सील गेलेले आहेत. त्यातही रॅकच्या दांड्यावर गंज किंवा खड्डे असतील तर नवे सील टिकणार नाहीत आणि तेव्हाच रॅक बदलण्याचा विचार करावा. घरघर ऐकून पंप गेला असे ठरवणे घाईचे आहे, कारण तेलाची पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि तसाच आवाज होतो. गळती बंद करून, जुने तेल पूर्ण काढून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल भरून आणि हवा काढूनही आवाज राहिला, तर पंपाचा खर्च करावा. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून तसेच धरून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण त्या स्थितीत पंपावर सर्वांत जास्त दाब येतो.

हे काम याच आठवड्यात व्हायला हवे. गळणारे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडले तर पेट घेऊ शकते, आणि भर वळणावर स्टिअरिंग अचानक जड झाले तर मुलांनी भरलेली गाडी आवरणे कठीण जाते. शिवाय लिटरला ४०० रुपये धरले तरी वर्षाला १०,००० रुपयांहून अधिक किमतीचे तेल रस्त्यावर सांडत आहे.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. ज्या गाडीवर घर चालते तिची देखभाल थांबवून तुम्ही जी पॉलिसी जगवत आहात, ती तुमच्या उपयोगाची नाही. दहा वर्षे ७२,००० भरायचे, म्हणजे ७,२०,०००, आणि विसाव्या वर्षी १४ लाख मिळायचे. नात्यातल्या एजंटाने हा परतावा वर्षाला साडेनऊ टक्के सांगितला, कारण त्याने ६,८०,००० रुपयांचा फायदा हप्त्यांच्या दहा वर्षांत वाटला आणि पैसे वीस वर्षे अडकतात ही गोष्ट हिशेबातून वगळली. खरा दर साडेचार टक्क्यांच्या आतबाहेर आहे. हेच हप्ते पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) ७.१ टक्क्यांनी वाढले तर वीस वर्षांनी सुमारे २१ लाख होतात. आणि वर्षाच्या कमाईचा जवळजवळ पाचवा भाग घेऊन ही पॉलिसी तुमच्या पश्चात कुटुंबाला ७,२०,००० रुपये देते, ज्यात दोन वर्षांचा खर्चही भागत नाही. एकट्या कमावत्या माणसाला असा विमा विकणाऱ्याने नात्याचा फायदा घेतला, असे मी स्पष्टच म्हणेन.

१,४४,००० रुपये आधीच भरले आहेत म्हणून पुढचेही भरत राहणे मला पटत नाही. पॉलिसी सोडली तर त्यातले साधारण ५०,००० परत मिळतील असे धरून चाला. तोटा मोठा आहे, पण आणखी आठ हप्ते, म्हणजे ५,७६,००० रुपये, इथून पुढे धरले तरी जेमतेम साडेपाच टक्क्यांना अडकवणे त्याहून महाग पडेल.

तिसऱ्या हप्त्याच्या ७२,००० मधून १४,००० दुरुस्तीला द्या. वर्षाला साधारण १५,००० रुपयांत ५० लाखांचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देणारा विमा मिळावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. प्रस्तावात प्रकृतीची आणि तंबाखूची माहिती खरी लिहा. उरलेल्यातून किलोमीटरला दोन रुपये, म्हणजे महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,०००, गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका. पासिंग, टायर, ब्रेक आणि पुढे लागलाच तर पंप यांचा खर्च त्यातूनच करा. एवढे करूनही ७,००० उरतात.

विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी सोडल्यास परत मिळणारी) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यास मिळणारी) या दोन्ही रकमा आजच लेखी मागवा आणि त्याच दिवशी मुदत विम्याचा अर्ज भरा. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, त्यामुळे तेवढा काळ जुने संरक्षण चालू राहील. नवी पॉलिसी हाती पडेपर्यंत जुनीच्या सरेंडर फॉर्मवर सही करू नका. सरेंडरचे जे पैसे येतील ते बँकेत अडीअडचणीसाठी मुदत ठेवीत ठेवा. त्याच एजंटाने आणलेल्या दुसऱ्या योजनेत घालू नका.