हलकी रायफल, पण किती हलकी?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त आर्मोररची (सैन्यातल्या शस्त्रदुरुस्ती कारागिराची) उत्तरं (कुडाळ)

प्रश्न : माझा भाचा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर दुधाच्या फार्मवर नोकरीला आहे. तिथल्या दोस्तांबरोबर डोंगरात शिकारीला जाऊ लागलाय. शस्त्रपरवाना त्याने रीतसर काढलाय आणि आता स्वतःची हलकी बोल्ट ॲक्शन रायफल घ्यायचीय. किंबर माउंटन असेंट, टिक्का टी३एक्स लाइट आणि विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट अशी तीन नावं त्याने काढलीत. फोनवर विचारतो, "मामा, खयची घेव?" सगळ्यात हलकी तीच चांगली, असं त्याच्या डोक्यात आहे. आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, त्यापलीकडे मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच सांगा.
— एक वाचक, मालवण

उत्तर : परवाना आधी आणि रायफल नंतर, हा त्याचा क्रम मला फार आवडला. त्याला टिक्का घ्यायला सांगा. का, ते नीट सांगतो, कारण "सगळ्यात हलकी तीच चांगली" हे नव्या माणसाच्या डोक्यातून जायलाच हवं.

तिन्ही रायफली बोल्ट ॲक्शनच्या, म्हणजे दर बारानंतर बोल्ट (मागचा सरकता दांडा) हाताने मागे-पुढे करून पुढचं काडतूस भरायचं. आधी वजनं बघू. दुर्बीण न लावता किंबर साधारण २.२ किलो, टिक्का २.९ च्या आसपास, फेदरवेट तीन किलोच्या थोडी वर. त्यावर दुर्बीण, ती बसवायची कडी, पट्टा आणि चार काडतुसं धरली की पाऊण किलो तरी चढतो. म्हणजे खांद्यावर किंबर तीन किलोची आणि टिक्का साडेतीनच्या वरची. सैन्यात आमच्या हाताखालून गेलेली ईशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिमी सेल्फ लोडिंग रायफल रिकामीच चार किलोंच्या वर होती, आणि जवान ती घेऊन डोंगर चढायचे. तरुण पोराला अर्ध्या-पाऊण किलोचा फरक चढणीवर जाणवेल, पण तेवढ्यासाठी शिकार सोडून कोणी परत फिरत नाही.

या वाचवलेल्या वजनाची किंमत मोजावी लागते ती बार काढताना. गोळी आणि जळलेल्या दारूचा वायू जेवढ्या जोराने पुढे जातात, तेवढाच जोर रायफलीला मागे ढकलतो. हा जोर काडतुसावर ठरतो, रायफलीच्या वजनावर नाही. वजन घटलं की रायफल जास्त वेगाने मागे येते. .३०८ विंचेस्टरचं नेहमीचं काडतूस घेतलं तर ३.६ किलोच्या रायफलीचा धक्का साधारण २० ज्यूल भरतो. तेच काडतूस २.४ किलोच्या रायफलीत घातलं की ३० ज्यूल. सरळ दीडपट.

नवा माणूस पाच-सहा बार झाले की या धक्क्याची वाट बघायला लागतो. चाप पुरता ओढायच्या आतच त्याचा डोळा मिटतो, खांदा पुढे येतो आणि नळीचं तोंड खाली जातं. हे त्याचं त्याला कळत नाही. फायरिंग रेंजवर यावर एक जुना उपाय आहे : दोस्ताने पाठ करून मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एखादं डमी काडतूस घालायचं. डमीवर नुसतं "टक" वाजतं आणि त्याच क्षणी नळी दचकून खाली गेलेली सगळ्यांना दिसते. भाच्याने कोणतीही रायफल घेतली तरी हा सराव करावाच. जनावराच्या पोटात गोळी लागून ते जखमी अवस्थेत दरीत उतरतं, ते बहुतेक वेळा या दचकण्यामुळे. हे मी फार गांभीर्याने सांगतोय.

किंबरच्या नळीच्या तोंडाला ब्रेक असतो, त्याने धक्का बराच कमी होतो हे खरं. पण तो वायू बाजूंना फेकतो, त्यामुळे आवाज मारणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानांवर जास्त येतो. रायफलीचा बार मुळातच १६० डेसिबलच्या आसपास असतो. कान एकदा गेला की परत येत नाही. न्यूझीलंडमध्ये नळीला सायलेन्सर लावायला कायद्याने मनाई नाही आणि तिथले पुष्कळ शिकारी तो लावतात. त्याने आवाज आणि धक्का दोन्ही उतरतात. त्याचं तीन-चारशे ग्रॅम वजन धरूनच हिशेब करावा. टिक्का घेताना नळीच्या तोंडाला आटे पाडलेलीच मागावी.

अगदी हलक्या रायफलीची आणखी एक अडचण म्हणजे ती स्थिर राहत नाही. चढण चढून दम लागलेला असतो, छाती उडत असते आणि तो प्रत्येक ठोका नळीच्या टोकापर्यंत पोचतो. जरा वजन पुढे असलं की नळी शांत राहते. शिवाय बारीक नळी लवकर तापते. शिकारीत एक-दोन बार लागतात, तिथे याने बिघडत नाही. सरावाला मात्र दर तीन बारांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावं लागतं, आणि नव्या माणसाला सरावच तर जास्त हवा.

फेदरवेटबद्दल मनापासून लिहितो. ही रायफल १९५२ साली आली, .३०८ विंचेस्टर हे काडतूसही त्याच वर्षी. अक्रोडाचा सडपातळ दस्ता, आणि बोल्टला जर्मन मॉउझर रायफलीसारखी लांब पोलादी नखी. बोल्ट पुढे सारला की मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड त्या नखीखाली सरकते आणि बोल्ट मागे ओढेपर्यंत नखी ती सोडत नाही. रायफल तिरकी धरा, उलटी धरा, काडतूस गळत नाही. आर्मोरर म्हणून मला याहून देखणी रचना ठाऊक नाही. पण दस्ता लाकडाचा आहे. दक्षिण बेटाच्या पश्चिम अंगाला मिलफर्ड साउंडसारख्या ठिकाणी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. ओल्याने लाकूड फुगतं, नळीला टेकतं आणि रेंजवर बांधलेला नेम सरकतो. भाचा पूर्वेकडच्या कोरड्या डोंगरांतच फिरणार असेल तर हौसेने फेदरवेट घ्यावी, मी अडवणार नाही.

टिक्का फिनलंडच्या साको कंपनीची. दस्ता फायबरचा, चाप कमी-जास्त करता येतो, बोल्टची मूठ फक्त ७० अंश उचलावी लागते, त्यामुळे दुर्बिणीला बोटं आपटत नाहीत. तीन गोळ्या १०० मीटरवर साधारण तीन सेंटीमीटरांत बसतील अशी कंपनीची हमी असते. मॅगझिन प्लॅस्टिकचं आहे, म्हणून एक जादा घेऊन ठेवावं. सगळ्या काडतुसांना ॲक्शनची (बोल्ट बसतो त्या पोलादी भागाची) लांबी एकच असल्याने छोटं काडतूस निवडून वजन आणखी वाचेल असं समजू नये.

काडतूस ७ एमएम-०८ रेमिंग्टन घ्यावं. .३०८ चीच नळकांडी आवळून केलेलं आहे, धक्का थोडा कमी, आणि तिथल्या तांबड्या हरणाला किंवा थारला पुरून उरतं. गावातल्या दुकानात ते मिळत नसेल तर .३०८. (थार हा मूळचा आपल्या हिमालयातला. १९०४ मध्ये तो माउंट कुकजवळ सोडला आणि तिथे इतका माजला की आता त्याची संख्या सरकारलाच आटोक्यात ठेवावी लागते. त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, म्हणून तिथे शिकारीकडे बघायची नजरच वेगळी आहे.)

पुढचं थेट भाच्यासाठी. दुकानात गेलास की डोंगरात घालतोस तेच जाड जाकीट घालून जा. रायफल रिकामी आहे हे स्वतः बोल्ट उघडून, बोट आत घालून बघ. मग समोरच्या भिंतीवर एक खूण धर, डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, गाल आरामात दस्त्यावर टेकव आणि डोळे उघड. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण उजळ दिसलं तर दस्ता तुला बसतो. कडेला काळी सावली दिसली किंवा मान ताणावी लागली तर दस्ता लांब आहे. हे दस्ते बहुधा साडेतेरा-चौदा इंचांचे, उंच माणसांच्या मापाने केलेले असतात. तू आपल्याकडच्या बेताच्या उंचीचा असशील तर दुकानदाराकडून मागची रबरी गादी पातळ करून घे. अंगाला न बसणारी हलकी रायफल बसणाऱ्या जड रायफलीपेक्षा जास्त लागते. आणि सरकारी संरक्षित जमिनीवर शिकारीला तिथल्या संवर्धन खात्याचा वेगळा परवाना लागतो, तो दर वेळी खिशात ठेव. झुडूप हललं म्हणून बार काढू नकोस. संपूर्ण जनावर दिसलं, ते कोणतं आहे याची खात्री झाली, त्याच्या मागे काय आहे तेही दिसलं, मगच बोट चापावर जाऊ दे.

प्रश्न : देवगड तालुक्यात माझी आंबा-काजूची बाग आणि खाली थोडी भातशेती आहे. रानडुकरं एका रात्रीत खाचरं लोळवून टाकतात. वडिलांची शेतीसंरक्षणाची एकनळी बारा बोर रीतसर माझ्या नावावर झाली आहे. लांबून नेम लागावा म्हणून ती देऊन हलकी बोल्ट ॲक्शन रायफल घ्यावी का?
— एक बागायतदार

उत्तर : नको. तुमचा त्रास मला कळतो, माझ्याही खाचरांत डुकरं उतरतात. तरीही नको.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरत नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर किमान वीस इंच नळीची दुसरी बिनआट्याची बंदूक देता येते. रायफलीच्या नळीत आतून गोळीला फिरकी देणारे आटे असतात, त्यामुळे ती यात बसत नाही. दुसरं म्हणजे बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं तरी कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हातात लागते. गव्याला तर हातच लावू नका, तो पहिल्या अनुसूचीत आहे.

पण समजा कायद्याची काहीच आडकाठी नसती, तरी मी नकोच म्हटलं असतं, आणि याचं कारण आपली जमीन. रायफलीची गोळी चुकली तर तीन-चार किलोमीटरही जाते. तुमच्या बागेपासून तेवढ्या अंतरात किती वाड्या येतात, मोजून बघा. गोळी सड्यावरच्या कातळाला तिरकी लागली तर ती जिरत नाही, उसळून भलतीकडे जाते. न्यूझीलंडच्या डोंगरात समोर मातीचा अख्खा उतार असतो आणि मैलोगणती घर नसतं. आपल्याकडे गडग्यापलीकडे शेजारी राखणीला जागा असतो. अंधारात, बॅटरीच्या झोतात, डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणात आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

खाचरांना सौर कुंपण करा. त्याचा झटका क्षणाचा आणि थांबून थांबून असतो, जनावर मागे फिरतं पण मरत नाही. खांबावरून थेट वीज तारेत सोडणं, फासकी, गावठी बॉम्ब यांतलं काही करू नका. त्यात माणसं मरतात आणि गुन्हाही दाखल होतो. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्या, पंचनामा होईतो खाचर आवरू नका. आवाजाचा बार काढून डुकरं पिटाळायची असतील तर त्याबद्दलही आधी वनपालांशी बोलून घ्या.

प्रश्न : आमचं घर हर्णैला समुद्राला लागून आहे. पावसाळ्यात बंदुकीला गंज चढतो. आई खोबरेल तेल लावायला सांगते. चालेल का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : खोबरेल नको. ते काही महिन्यांत चिकट होऊन बोल्ट आणि घोड्याच्या सांध्यात बसतं, त्यावर धूळ धरते. शिलाई मशीनचं पातळ तेल फडक्याला घेऊन आतून-बाहेरून पुसा, पावसाळ्यात दर आठवड्याला. हात लागला की दर वेळी पुसा, घामातलं मीठ खाऱ्या वाऱ्याइतकंच वाईट. रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या खोळीत बंदूक ठेवू नका, खोळ ओल धरून ठेवते. कुलपाच्या कपाटात उभी ठेवा, शेजारी सिलिका जेलची पुडी. नव्या स्टेनलेस रायफलीही समुद्रकाठी गंजतात, फक्त उशिरा, तेव्हा पोलाद कोणतंही असो, फडकं चुकत नाही. निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करताना तेलाचा जरा जाड हात देऊन द्या.

आणि पावसाळा संपल्यावर पहिला बार काढायच्या आधी बंदूक उघडून नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते. तेवढी माती अडली तरी नळी फुटू शकते. घर दिसलं तर गज मागच्या बाजूने घालून ते पुढे ढकला, मग कोरडं फडकं, मग तेल, आणि पुन्हा एकदा उजेडाकडे धरून बघा.