‘कटू’ सूर की ‘कडवट’ सूर?

प्रेमातल्या एकटेपणावरील कवितेचे रसग्रहण लिहिताना तिचा सूर ‘कटू’ म्हणावा की ‘कडवट’, आणि तो ओळखावा कसा, असा प्रश्न आला आहे. विरहाची कोणतीही कविता दिसली की तिला ‘कटू’ म्हणून मोकळे होण्याची खोड हल्ली फार बोकाळली आहे. ‘कटू सत्य’, ‘कटू अनुभव’ हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ.

खरी गंमत मुळात आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे कडू नव्हे, तिखट. म्हणून तर सुंठ, मिरी आणि पिंपळी या तिघींना मिळून ‘त्रिकटू’ म्हणतात. कडुनिंबाची चव ती ‘तिक्त’. मराठीत ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि त्याने तिक्ताची जागा बळकावली. बंगालीत मात्र ‘तेतो’च्या रूपाने तिक्त अजून कडूच राहिला आहे. ‘तिखट’ हा ‘तिक्ता’चाच अपभ्रंश असे ठासून सांगणाऱ्यांनी एकदा प्राकृताकडे पाहावे: तिक्ताचे तेथे ‘तित्त’ होते, ‘तिक्ख’ होते ते तीक्ष्णाचे. कुटकी या औषधी मुळीला संस्कृतात ‘कटुका’ म्हणतात आणि ती तर कडूजहर असते, असा आक्षेप कोणी घेईल. त्यातून एवढेच सिद्ध होते की हा घोळ जुना आहे.

कटु रस उष्ण आणि तिक्त रस शीत मानला आहे. कवितेचा सूर पारखायला माझ्या मते याहून चांगली खूण नाही. ज्ञानदेवांची विरहिणी ‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी’ म्हणते तेव्हा ती एकाकी असतेच, पण तिच्या तक्रारीत दाह आहे, आणि ‘वेगीं भेटवा’ ही आज्ञार्थी विनवणी ऐकायला कोणीतरी जवळ आहे, अशी तिची खात्री आहे. तिला हवे तर जुन्या अर्थाने कटू म्हणा. कडवट ती नव्हे. कडवट सूर थंड असतो, कारण त्याने मागणेच सोडलेले असते. ‘प्रेम म्हणे आंधळे असते, मला मात्र त्याने नेमके ओळखून टाळले’ अशी ओळ घ्या. तिच्यात रडणे नाही, हाक नाही. ‘म्हणे’ने प्रेमाला ऐकीव गोष्ट करून टाकले, ‘मात्र’ने बोलणाऱ्याला बाकी सगळ्यांपासून तोडले, आणि ‘एकाकी’ हा शब्द न येताच एकाकीपणा आला. दुःखवाचक विशेषणे मोजून सूर ठरवणाऱ्या परीक्षोपयोगी मार्गदर्शकांना ही दोन चिमुकली अव्यये दिसतच नाहीत.

तेव्हा अशा कवितेचा सूर ‘कडवट’ लिहावा. ‘कटुता’ भाऊबंदकीच्या बातम्यांकडे राहू द्यावी.