सात महिन्यांच्या मुलाचं वजन 11 किलो आहे, डॉक्टर जनुकीय तपासणी सांगतात. करावी का?

करा. 'घरचे म्हणतात गुटगुटीत आहे, कशाला उगाच सुया टोचायच्या' असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

माझी लेक जन्मली तीच 4.3 किलोची. गरोदरपणात माझी साखर नॉर्मल होती, तरी सगळ्यांनी माझ्या आंबे खाण्यावर खापर फोडलं. जन्मल्या दिवशी तिची साखर सारखी उतरायची, टाचेला टोचून बघायचे, शेवटी सलाइन लावलं. जीभ जरा बाहेर, बेंबीला हर्निया, कानाच्या पाळीवर घडी. पाहुणे म्हणायचे, काय बाळसं धरलंय! उजवी मांडी डावीपेक्षा जाड आहे हे पहिल्यांदा सांगितलं ते तिला न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी. डॉक्टरांनी फूटपट्टी नाही, टेप लावून मोजलं आणि तपासणी लिहून दिली.

थोरले दीर म्हणाले, "मुलगी आहे. कागदावर असलं काही आलं तर उद्या स्थळं येतील का?" नवरा गप्प. मी माझी पाटली मोडली आणि रक्त पाठवलं.

बेकविथ-विडमन सिंड्रोम निघाला. 11व्या गुणसूत्रावरची वाढीची जनुकं नीट चालू-बंद होत नाहीत. अशा मुलांना लहानपणी मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमर (लहान मुलांना होणारा एक कर्करोग) किंवा यकृतात गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून सात वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, आणि पहिली काही वर्षं रक्तातलं एएफपी, म्हणजे यकृतात गाठ झाली तर वाढणारं एक प्रथिन, तपासायचं. गाठ लवकर सापडली तर बहुतेक मुलं बरी होतात. आमच्याकडे आजवर गाठ निघालेली नाही, म्हणून दीर अजून म्हणतात, "बघ, काही नव्हतंच." अहो, निदानच नसतं तर हसत्याखेळत्या पोरीच्या पोटात दर तीन महिन्यांनी बघायचं कुणाला सुचलं असतं?

तपासणी कुठली, हे मात्र नीट विचारा. महागडी एक्सोम तपासणी, म्हणजे जनुकांतली अक्षरं वाचणारी, या आजाराची बहुतेक कारणं पकडतच नाही, त्याला 11पी15ची, म्हणजे 11व्या गुणसूत्राच्या त्या भागाची, मेथिलेशन तपासणी लागते; जनुकं चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा ती बघते. ती रक्तात निगेटिव्ह आली तरी कधी कधी आजार असू शकतो, म्हणून लक्षणं दिसत असतील तर सोनोग्राफी सोडू नका. डोकंही खूप मोठं असेल आणि मान धरायला, बसायला उशीर होत असेल तर डॉक्टर सोटोस सिंड्रोमचा विचार करतात; तोही जास्त वाढीचाच आजार, पण एनएसडी1 नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे होणारा.

हेही सांगते, की बहुतेक मोठी बाळं नुसतीच मोठी असतात. आईबाप धिप्पाड असतील, आईला गरोदरपणी साखर असेल, बाटलीचं दूध जास्त होत असेल. सात महिन्यांच्या मुलाचं मधलं वजन 8.3 किलो, तुमचं बरंच वर आहे, पण लांबी आणि डोक्याचा घेर तुम्ही लिहिलेलाच नाही. ते वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या, दोन्ही पाय मोजा. डॉक्टरांनी नुसतं वजन बघून सांगितलं असेल तर आधी जनुकतज्ज्ञाला दाखवा. ठरवायचं मात्र तुम्ही दोघांनी. लग्नाबिग्नाचं कुणी काढलं तर त्याला सरळ सांगा, रिपोर्ट आमच्या कपाटात राहील.